वट कोणाची, कोणावर, कशाबाबत?

(गोव्यातील फोंडा येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाशय, आणि एवढ्या पावसात घराबाहेर पडलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

पत्रिकेवर ‘समाजमाध्यमांवरील प्रभाव आणि प्रतिष्ठा यांचे मापन’ असं भारदस्त काहीतरी छापलंय. प्रश्न तसा साधा आहे. इन्स्टाग्रामवर, यूट्यूबवर, एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) कोणाची किती वट आहे हे मोजता येतं का? ते मोजून देतो म्हणणारी एक कंपनी होती, आता नाही. तिच्यापासूनच सुरुवात करू.

२००८मध्ये अमेरिकेत जो फर्नांडेझ नावाच्या तरुणाने क्लाउट ही कंपनी काढली. आडनाव ऐकून गाव विचारू नका, हा बाणावलीचा नव्हे. तुमची ट्विटरवरची आणि पुढे फेसबुक वगैरेंवरची सगळी हालचाल तपासून ही कंपनी तुम्हाला १ ते १००मधला एक आकडा द्यायची. तो आकडा म्हणजे म्हणे तुमचा प्रभाव. लोकांनी तो मनावर घेतला. २०१२मध्ये सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर कॅथे पॅसिफिकने आपलं लाउंज ४० किंवा अधिक गुणवाल्यांना खुलं केलं. त्याच सुमारास एका विपणन सल्लागाराची गोष्ट गाजली. पंधरा वर्षांचा अनुभव असलेला हा माणूस मुलाखतीला गेला, त्याचा आकडा निघाला ३४, आणि नोकरी ६७वाल्याला मिळाली. अनुभवाबद्दल कोणी फारसं विचारलंच नाही.

आता गंमत पाहा. तेव्हा गायक जस्टिन बीबरचे गुण पूर्ण १०० होते आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा त्याच्या खाली. यावर हसू झालं, तेव्हा ऑगस्ट २०१२मध्ये कंपनीने सूत्र बदललं. ओबामा वर गेले, बीबर खाली आला. त्या रात्री दोघांनीही नेहमीपेक्षा वेगळं काही केलं नव्हतं. २०१४मध्ये लिथियम नावाच्या कंपनीने क्लाउट विकत घेतली आणि २५ मे २०१८ला ती बंद केली. युरोपचा नवा विदासंरक्षण (डेटा संरक्षण) कायदा नेमका त्याच दिवशी लागू झाला.

क्लाउटचं चुकलं ते गणितात, असं बरेच जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. गणित आणखी सुधारलं असतं तरी आकडा तितकाच पोकळ राहिला असता, कारण प्रश्नच अर्धा विचारला होता. ‘याचा प्रभाव किती?’ एवढंच विचारलं, ‘कोणावर?’ आणि ‘कशाबाबत?’ हे गाळलं. उंची किंवा रक्तदाब एका माणसाचा मोजता येतो. प्रभावाला दोन बाजू लागतात, आणि मध्ये एखादा विषय लागतो.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या घरातलंच आहे, आणि ते इंटरनेटच्या कितीतरी आधीचं आहे. विषय नाजूक आहे, सभागृहात दोन्ही बाजूंची घराणी बसली असतील. जुना वाद उकरायचा नाही, फक्त आकडे बघायचे आहेत.

भाऊसाहेब बांदोडकर. डिसेंबर १९६३च्या पहिल्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाचे हे नेते गोव्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या शब्दाला गावोगावी काय वजन होतं हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही त्यांची उघड भूमिका, पक्षाच्या नावातच ती लिहिलेली. १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, केंद्रशासित राहण्याचं दोन पानं. पानांना मतं पडली १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१चा. म्हणजे भाऊसाहेबांची वट संपली म्हणायची? अडीच महिन्यांच्या आत, मार्चअखेर, विधानसभेची निवडणूक झाली. मगो पक्ष पुन्हा निवडून आला आणि भाऊ पुन्हा मुख्यमंत्री झाले.

नेता तोच, वाड्यावाड्यातले लोकही तेच. कूळ-मुंडकारांच्या (म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर कसणाऱ्या-राहणाऱ्यांच्या), शाळेच्या, रोजच्या जगण्याच्या प्रश्नांवर ‘भाऊ सांगतील ते’ म्हणणाऱ्यांपैकी काहींनी सरहद्दीच्या प्रश्नावर ‘भाऊ, हे मात्र आमचं आम्ही ठरवू’ असं म्हटलं. भाऊसाहेबांना तेव्हा शंभरपैकी गुण द्यायचे तर जानेवारीत किती आणि मार्चमध्ये किती दिले असते?

त्याच लढ्यातली दुसरी बाजूही पाहा. विलीनीकरणाच्या विरोधात हिरिरीने उभं राहिलेलं ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठी होतं. ज्यांचं मत वळवायचं होतं तो वाचक मराठी वाचणारा होता, म्हणून त्याच्या हातात मराठीच पेपर द्यायला हवा, एवढं साधं गणित चालकांनी ओळखलं होतं. आपलं मत आधीच पटलेल्यांपुढे बोलून टाळ्या मिळतात, पण त्याने कौल फिरत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी पोहोच किती यापेक्षा पोहोच कोणापर्यंत हे आधी पाहिलं.

आता अभ्यासकांनी काय केलं ते सांगतो. २०१०मध्ये मियंग चा, कृष्णा गुम्माडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटरच्या सुमारे साडेपाच कोटी खात्यांचा अभ्यास मांडला. त्यांनी तीन वेगवेगळे आकडे घेतले: अनुयायी किती, लिहिलेलं पुढे कितींनी पाठवलं, आणि नाव घेऊन उल्लेख कितींनी केला. तिन्ही याद्या लावल्यावर असं दिसलं की अनुयायांच्या यादीत वर असलेला माणूस बाकी दोन याद्यांत वर असेलच असं नाही. लाखो अनुयायी असूनही ज्याचं बोलणं कोणी पुढे नेत नाही, अशी खाती भरपूर. म्हणून त्या निबंधाच्या नावातच त्यांनी ‘लाखो अनुयायांचा भ्रम’ अशा अर्थाचे शब्द घातले.

त्याच अभ्यासात माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट आहे, ती लपवत नाही. त्यांनी इराणची निवडणूक, स्वाइन फ्लू आणि मायकल जॅक्सनचा मृत्यू असे २००९मधले तीन विषय तपासले. वरच्या फळीतल्या खात्यांचा जोर एकापेक्षा अधिक विषयांत टिकलेला दिसला. मग ‘कशाबाबत’ हा माझा आग्रह फोल ठरतो का? मला वाटतं, नाही. त्यांनी मोजलं ते बोलणं किती पसरलं. पसरणं म्हणजे पटणं नव्हे. भाऊसाहेबांचं भाषण विलीनीकरणाच्या सभेतही तेवढीच माणसं ऐकत होती.

आणि पटलं हे तरी कसं ओळखायचं? मडगावच्या पाच मित्रांनी एकाच आठवड्यात एकाच कंपनीचे फुटबॉलचे बूट घेतले. पहिल्याने फोटो टाकला होता, मग इतरांनी घेतले. त्याचा प्रभाव म्हणायचा, की पाचही जण एकाच मैदानावर खेळतात आणि नवा हंगाम तोंडावर आला होता म्हणून घेतले? सारख्या आवडीची माणसंच एकमेकांचे मित्र होतात, ही यातली अडचण आहे. सिनान अरल आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये याहूच्या २ कोटी ७० लाख वापरकर्त्यांच्या जाळ्यात नेमका हा प्रश्न तपासला. एका नव्या सेवेचा प्रसार पाहून ‘मित्राचं पाहून मित्राने घेतलं’ असं वरवर वाटत होतं. त्यातला निम्म्याहून अधिक भाग नुसत्या सारखेपणाने समजावता येत होता. प्रभावाच्या नावाने दिल्या जाणाऱ्या पैशांपैकी बराचसा या सारखेपणालाच मिळत असावा, असा माझा दाट संशय आहे.

खोट्या अनुयायांबद्दल फार बोलत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. एवढंच सांगतो. जानेवारी २०१८मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने डेव्हुमी या कंपनीचं बिंग फोडलं, तेव्हा कळलं की सुमारे ३५ लाख स्वयंचलित खात्यांचा साठा पुन्हा पुन्हा फिरवून तिने २० कोटींहून अधिक अनुयायी विकले होते. एकच भाडोत्री प्रेक्षक शंभर सभांत. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५मध्येच इशारा दिला होता की एखाद्या आकड्यावर नियंत्रणाचा भार टाकला की तो आकडा पूर्वीसारखा विश्वासाचा राहत नाही. तो बोलत होता चलनपुरवठ्याबद्दल, पण अनुयायांच्या आकड्यालाही ते तितकंच लागू पडतं.

आता प्रतिष्ठेकडे येऊ. हा विषय आपल्या किनारपट्टीवर थेट पोटाशी जोडलेला आहे. होमस्टे असो, शॅक असो की स्कूटर भाड्याने देणारा, गिऱ्हाईक आधी तारे बघतं. तारे खोटे असतात अशी तक्रार सर्रास ऐकू येते. पण सगळे तारे खरे असले तरी काय होतं, ते जास्त रंजक आहे. लेव्ह मुचनिक, अरल आणि शॉन टेलर यांचा २०१३चा एक प्रयोग आहे. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांनी लाखाहून अधिक प्रतिक्रियांतल्या काहींना, चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून, अगदी सुरुवातीलाच एक कृत्रिम ‘पसंत’ दिलं. फक्त एक. पुढच्या पहिल्याच वाचकाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि त्या प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. मजकुराचा दर्जा काही वेगळा नव्हता. सुरुवातीलाच ‘नापसंत’ दिलेल्या प्रतिक्रियांना मात्र लोकांनी सावरून घेतलं.

म्हणजे मांद्र्यातल्या दोन शेजारच्या घरांत सारख्याच खोल्या आणि सारखाच नाश्ता असला, तरी एकाला पहिलं गिऱ्हाईक बोलकं मिळालं आणि दुसऱ्याला मुकं, एवढ्याने वर्षाअखेर फरक पडू शकतो. शिवाय दोनच जणांनी दिलेले ५ तारे आणि चारशे जणांनी मिळून दिलेले ४.५ तारे यांत दुसरा आकडा कितीतरी भरवशाचा, पण यादीत डोळा आधी पाचावर जातो. भारतीय मानक ब्युरोने २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. अभिप्राय लिहिणारा खरा आहे की नाही, हे तपासण्यावर त्याचा भर आहे. ते हवंच होतं. पहिल्या बोलक्या गिऱ्हाइकाचं काय करायचं, हे मात्र कुठलं मानक ठरवणार?

ओळखीच्या शिक्क्याचं एक उदाहरण देतो आणि पुढे जातो. ट्विटरची निळी खूण २००९मध्ये आली ती हा माणूस खरंच तोच आहे एवढं सांगायला. लोकांनी तिचा अर्थ मोठेपणा असा लावला. नोव्हेंबर २०२२मध्ये ती महिना ८ डॉलरना विकायला काढली. लगेच कोणीतरी एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने निळ्या खुणेसह खातं काढून ‘इन्सुलिन आता फुकट’ असं जाहीर केलं, आणि कंपनीला माफी मागत खुलासे करावे लागले.

भाषण झाल्यावर तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो: शॅकवाल्याने किंवा होमस्टेवालीने करायचं काय? ‘एक लाख अनुयायी आहेत, दोन रात्री फुकट राहू द्या’ असे संदेश तुम्हाला एखाद्या इन्फ्लुएन्सर मुलीकडून येतात. पहिलं, अनुयायी कुठल्या शहरांतले आहेत ते विचारा. इन्स्टाग्राम खातेदाराला ते दाखवतं. स्क्रीन समोर उघडून बघा, पाठवलेल्या चित्रावर विसंबू नका. तुमची गिऱ्हाइकं बेळगाव-कोल्हापूरची असतील आणि तिचे चाहते दुसऱ्या टोकाचे, तर ते एक लाख तुमच्या उपयोगाचे नाहीत. दुसरं, फुकट राहणं हाही मोबदलाच. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे २०२१चे नियम आणि केंद्र सरकारची जानेवारी २०२३ची मार्गदर्शिका, दोन्हींनुसार तो स्पष्ट जाहीर करावा लागतो. ‘जाहिरात’ असं लिहायला ती नाखूष असेल, तर सोडून द्या.

तिसरं जरा कष्टाचं. सवलतीचा कोड देऊन किती आले ते मोजतात, पण जे नाहीतरी येणारच होते तेही कोड वापरतात. त्यापेक्षा दोन आठवडे जाहिरात फक्त बेळगावला दाखवा, कोल्हापूरला दाखवू नका. आदल्या महिन्यात दोन्हीकडून किती येत होते ते वहीत असेलच. बेळगावची वाढ कोल्हापूरच्या वाढीपेक्षा किती जास्त, तेवढंच तिच्या खात्यावर जमा करा. आणि त्या पंधरवड्यात चोर्ला घाट दरड पडून बंद झाला, तर हिशेब पुन्हा मांडा. बेळगावकर आले नाहीत याचं खापर त्या मुलीवर फोडू नका.