रस्ता वळला, झाड राहिलं

हे झाड नीट बघा. हॉथॉर्नचं आहे, काटेरी, फार उंचही नाही, पण मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी असं भरतं की बघत राहावं. आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर काउंटीत, लाटूनला. १९९९ मध्ये इथून नवा हायवे जाणार होता आणि झाड मधेच येत होतं, तेव्हा एडी लेनिहन नावाचे लोककथा सांगणारे गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, तोडू नका, मन्स्टर प्रांतातल्या पऱ्या शेजारच्या कॉनॉट प्रांतातल्या पऱ्यांशी लढायला निघतात तेव्हा इथेच जमतात. बातमी जगभर गेली, झाड वाचलं. २००२ मध्ये कुणीतरी करवतीने त्याच्या फांद्या छाटल्या, फार वाईट वाटतं ते वाचून, पण त्याला परत पालवी फुटली.

आता परी म्हटलं की आपल्याला पंखवाली गोड परी आठवते, इथली तशी नाही. जुनी माणसं तिचं नावही घेत नसत, "चांगली माणसं" म्हणायची, उगाच राग नको. तिकडे एक किस्सा हमखास सांगतात, एका आजीला विचारलं, तुमचा पऱ्यांवर विश्वास आहे का हो? आजी म्हणाली, "छे, अजिबात नाही. पण त्या आहेत."

१९३७ ते १९३९ मध्ये तिथल्या हजारो शाळकरी मुलांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून असलं सगळं वह्यांमध्ये लिहून काढलं, केवढं मोठं काम! त्यात लोण्याबद्दल तर किती आहे. लोणी विकून घर चालायचं, त्यामुळे ते कुणी मंत्राने पळवेल ही धास्ती खरी होती. १ मेला घरातलं दूध किंवा चुलीतला विस्तव बाहेर द्यायचा नाही. आणि घुसळण चालू असताना कुणी दारात आलं तर "देव कामाला यश देवो" म्हणायचं आणि आपणही थोडं घुसळायचं, नाहीतर लोण्याची बरकत जाते. पाहुणा असो की शेजारी, सुटका नाही!

आणि लग्नात पाऊस नको म्हणून आदल्या रात्री बाळ येशूची मूर्ती, तिला चाइल्ड ऑफ प्राग म्हणतात, बाहेर झुडपाखाली ठेवायची, हे अजूनही चालतं. तिची मान मोडलेली असेल तर गुण जास्त, पण मुद्दाम मोडायची नाही हं, आपोआप मोडली पाहिजे. मग सकाळी उठल्या उठल्या खिडकी उघडायची आणि आधी आभाळ बघायचं.