लाइट आणि फॅन: अडॅप्टर एक, स्विच दोन

नमस्कार मंडळी. आजचा विषय तसा छोटा आहे, माशांच्या टाकीच्या झाकणात, म्हणजे हुडमध्ये एलईडी आणि कूलिंग फॅन एकत्र कसे जोडायचे. पण यात एक गोष्ट चुकली तर बाकीचं सामान कितीही भारी आणा, एप्रिल-मेमध्ये माशांचे हाल होतात. ती आधीच सांगून टाकतो. लाइट आणि फॅनला अडॅप्टर एक चालतो, पण स्विच वेगळाच पाहिजे. बऱ्याच हुडमध्ये दोन्हीच्या वायरी एकत्र पिळून एकाच टायमरवर टाकलेल्या दिसतात, सकाळी लाइट लागला की फॅन लागतो आणि रात्री लाइट गेला की फॅनही गेला.

आता रात्री टाकीत काय चालतं ते बघा. लाइट असेपर्यंत झाडं ऑक्सिजन सोडत असतात, लाइट बंद झाला की तीही माशांसारखीच ऑक्सिजन वापरायला लागतात, आणि फिल्टरमधले बॅक्टेरिया तर चोवीस तास वापरतातच. त्यात पाणी जेवढं गरम तेवढा ऑक्सिजन कमी मावतो, 25 डिग्रीला लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम, 30 डिग्रीला 7.5 च्या आसपास. म्हणजे टाकी सगळ्यात जास्त अडचणीत असते ती पहाटे. सकाळी उठून बघावं तर मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, आणि घरातले म्हणतात की रात्री तर अगदी छान होते. ज्या वेळी फॅनची खरी गरज होती त्याच वेळी आपण तो टायमरने बंद केलेला असतो, हे मला फार टोचतं, कारण यावरचा उपाय खरंच स्वस्त आहे.

फॅन पाणी गार करतो तो वारा घालून नाही, पाण्याची वाफ उडवून. 1 लिटर पाण्याची वाफ होताना ती साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता सोबत घेऊन जाते. दिवसभरात टाकीतनं 1 लिटर उडालं तर समजा चोवीस तास 28 वॉट उष्णता बाहेर चाललीय. आता दुसरी बाजू बघा, 5050 ची, म्हणजे 5 मिलिमीटर चौकोनी एलईडीची, मीटरला साठ एलईडीवाली पट्टी मीटरमागे साधारण 14 वॉट खाते, दोन फुटी हुडमध्ये चार ओळी मारल्या की दोन मीटर पट्टी लागते, झाले 28-29 वॉट, आणि एलईडी झाला तरी त्या विजेची शेवटी उष्णताच होते, बंद झाकणाखाली ती पाण्यावरच बसून राहते. म्हणजे लाइट चालू असताना तुमचा फॅन जवळजवळ सगळा त्या लाइटशीच झगडत असतो. लाइट बंद झाल्यावर तोच फॅन 50 लिटर पाणी दोन-एक तासांत एक डिग्रीने उतरवू शकतो, खोलीतनं येणारी उष्णता सोडून बोलतोय मी, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. हवा कोरडी असेल तर जास्त फरक पडतो, दमट असेल तर कमी, नागपूरला कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही त्याचं कारण हेच. आणि डिस्कस मासे ठेवत असाल तर फॅनच्या भानगडीत पडूच नका, त्यांना 28 ते 30 डिग्रीच लागतं.

आता जोडणी. दोन मीटर पट्टीचे 29 वॉट, 120 मिलिमीटरचे दोन कॉम्प्युटर फॅन धरले तर आणखी 5 वॉट, एकूण 34, म्हणजे 12 व्होल्टला पावणेतीन-तीन अँपिअर. यासाठी 12 व्होल्ट 5 अँपिअरचा अडॅप्टर घ्या, 3 चा घेतला तर तो सतत काठावर चालतो, तापतो आणि उन्हाळ्यातच जातो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं, फक्त अडॅप्टरवर बीआयएसचा नोंदणी नंबर बघून घ्या, कारण 230 व्होल्ट आणि तुमचा पाण्यातला हात यांच्या मधे तोच एक डबा उभा आहे. तो डबा हुडच्या आत कधीच ठेवायचा नाही. बाहेर, पाण्यापासून लांब, आणि बोर्डाकडे जाणारी वायर आधी खाली लोंबू द्यायची आणि मग वर न्यायची, म्हणजे वायरवरनं ओघळलेलं पाणी त्या खालच्या वळणावरनं टपकून जातं, सॉकेटपर्यंत पोचत नाही. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर टाकीच्या आधी ती बसवा, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

अडॅप्टरपासून दोन जोड्या वेगळ्या काढा. फॅनची वायर पट्टीच्या शेवटच्या टोकाला जोडायची नाही, फॅन सुरू-बंद होताना लाइट मंद होतो आणि पट्टीतल्या बारीक तांब्यावर उगाच भार येतो. दोन्ही जोड्या पॅरलल, 0.75 स्क्वेअर एमएमची वायर पुरते, लाइटच्या जोडीत 3 अँपिअरचा फ्यूज, फॅनच्या जोडीत 1 चा. फॅनची लाल प्लस, काळी मायनस, तिसरी पिवळी असली तर ती फक्त स्पीड सांगते, तिला टोपी घालून मोकळी सोडा. लाइटच्या जोडीत 12 व्होल्टचा टायमर, फॅनच्या जोडीत थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून चालू-बंद करणारा स्विच. डब्ल्यू1209 नावाची थर्मोस्टॅटची छोटी पाटी मिळते, तिच्यात बरेच जण अडकतात, म्हणून ही जोडणी नीट ऐका: तिच्यावर के0 आणि के1 असे दोन स्क्रू असतात, त्यांच्यातनं वीज येत नाही, तो नुसता स्विच आहे. 12 व्होल्टच्या प्लसवरनं एक तुकडा के0 ला द्यायचा, के1 मधनं फॅनची लाल वायर काढायची, फॅनची काळी थेट मायनसला. मग सेटिंगमध्ये कूलिंग निवडायचं, 28 ला सुरू, 27 ला बंद. थंडीत हीटर लावत असाल तर तो 25 वर ठेवा, नाहीतर एकाच पाण्यात हीटर गरम करतोय आणि फॅन गार करतोय असं रात्रभर चालतं आणि बिल तुम्ही भरता.

सांधे हा माझा जिव्हाळ्याचा विषय. हुडच्या आत कायम वाफ असते, इन्सुलेशन टेप तिथे थोडे दिवस टिकते आणि मग चिकट होऊन सुटते, आतली तांब्याची तार हिरवी पडते. ती हिरवी पावडर टाकीत पडली तर कोळंब्यांना तांबं विष आहे, अगदी थोडंसंही. म्हणून प्रत्येक सांधा सोल्डर करा, त्यावर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, आणि दोन्ही तोंडांना सिलिकॉन. पट्टीला तिच्यामागच्या गमवर सोडू नका, गरमीत ती निघते आणि पाण्यात लोंबते, ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवा, तो चॅनेल उष्णताही ओढून घेतो.

फॅन बाहेरची हवा आत ढकलणारा लावा, थोडा तिरका, पाण्यावरनं वारा सरकेल असा, आणि समोरच्या टोकाला हवा जायला फट ठेवा. फट नसेल तर वाफ झाकणाखाली कोंडते आणि पाणी उडायचं थांबतं. आतली हवा बाहेर ओढणारा फॅन लावला तर सगळी ओली हवा त्याच्या बेअरिंगमधनं जाते, खाऱ्या पाण्याच्या टाकीवर तर तो लवकर गंजतो.

आणि रोज जे पाणी उडेल ते आरओच्या पाण्याने भरा, नळाच्या नको. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात, त्यात बोअरचं पाणी ओतत राहिलात तर महिन्याभरात काचेवर पांढरी रेघ दिसेल आणि हार्डनेस चढलेला असेल.