अणुभट्टीआधी इंधन

(ठाण्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

बाहेरच्या फलकावर आजचा विषय ‘अणुऊर्जेचे नवे धोरण आणि देशी कंपन्या’ असा लिहिलेला आहे. त्या विषयावर माझे म्हणणे थोडके आहे आणि गेली अनेक वर्षे मी ते, ज्यांनी ऐकून घेतले त्यांच्यासमोर मांडत आलो आहे. अणुऊर्जेचे नियोजन करताना आपण मेगावॉट आधी ठरवतो आणि इंधनाचा विचार नंतर करतो. तसेच देशी कारखान्यांना काम देऊ, असे आधी जाहीर करतो आणि ते काम कोणत्या वर्षी व किती मिळेल, हे मात्र सांगत नाही. हा क्रम बदलला नाही, तर नव्या कायद्याने उघडलेल्या दारातून आत येणारे लोक काही वर्षांत त्याच दारातून बाहेर जातील, अशी मला मनापासून भीती वाटते.

पार्श्वभूमी आपणा सर्वांना ठाऊक आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज हे उद्दिष्ट जाहीर झाले, लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये ठेवले गेले आणि अशा किमान पाच देशी अणुभट्ट्या २०३३ पर्यंत चालू करण्याचे ठरले. त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या नावाने ओळखला जाणारा कायदा मंजूर केला. त्यामुळे १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा हे दोन्ही मागे पडले आणि खासगी कंपन्यांना अणुवीज केंद्रे उभारण्याची वाट मोकळी झाली. आज आपली स्थापित क्षमता नऊ हजार मेगावॉटच्याही आत आहे, म्हणजे दोन दशकांत ती अकरापटीहून अधिक वाढवायची आहे. या वाढीला माझा पाठिंबा आहे. माझा प्रश्न केवळ इतकाच आहे की या अणुभट्ट्यांत घालायचे काय आणि त्या घडवणारी माणसे कुठून आणायची.

यासाठी मी तारापूरचा इतिहास थोडा विस्ताराने सांगणार आहे. तारापूर कोणत्या जिल्ह्यात आहे, असे या सभागृहात विचारले की पुढच्या रांगांतून ‘ठाणे’ असे उत्तर येते आणि मागच्या रांगांतून ‘पालघर’ असे येते. आताही तसेच झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, म्हणून मागच्या रांगांचे उत्तर बरोबर आहे. परंतु मी जे सांगणार आहे ते घडले तेव्हा तारापूर ठाणे जिल्ह्यात होते, म्हणून पुढच्या रांगांचेही चुकले नाही.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या आहेत आणि त्या ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागल्या. त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम, म्हणजे ज्यात युरेनियम-२३५ चे प्रमाण निसर्गातल्या ०.७ टक्क्यांहून वाढवलेले असते असे युरेनियम, अमेरिकेने तीस वर्षे पुरवायचे, असा १९६३ चा करार होता. १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा नवा कायदा केला आणि ज्या देशाच्या सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणी नाही, त्याला इंधन द्यायचे नाही, असे ठरवले. करार १९६३ चा आणि अट १९७८ ची! करार करताना जी अट अस्तित्वातच नव्हती, ती पंधरा वर्षांनी दुसऱ्या देशाच्या संसदेत जन्माला आली आणि बोईसरजवळच्या वीजकेंद्राला लागू झाली. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी राहिलेले इंधन पाठवण्यास मान्यता दिली, तेव्हा अमेरिकी सिनेटमध्ये ते ४८ विरुद्ध ४६ मतांनी निभावले. आपल्या जिल्ह्यातले वीजकेंद्र चालणार की नाही, हे सात समुद्रापलीकडच्या दोन मतांवर ठरले.

पुढे १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्या भेटीनंतर तोडगा निघाला आणि इंधन फ्रान्सने पुरवायचे ठरले. १९९३ मध्ये करार संपल्यावर फ्रान्सनेही हात आखडता घेतला. मग चीनकडून आणि नंतर रशियाकडून इंधन आले. दरम्यान आपल्या शास्त्रज्ञांनी वापरलेल्या इंधनातून मिळालेल्या प्लुटोनियमचे मिश्र इंधन तयार करून ते तारापूरमध्ये वापरून पाहिले. या सगळ्या काळात तिथल्या अभियंत्यांनी कोणत्या मनःस्थितीत काम केले असेल, याचा विचार करावा. यंत्रे आणि माणसे दोन्ही सज्ज आहेत, आणि पुढचा इंधनसंच कुठून येणार, हे मात्र कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. हे केंद्र थांबले नाही, याचे श्रेय त्या माणसांना द्यायला हवे आणि ते आपण पुरेसे दिलेले नाही.

आपण समजतो की हा प्रश्न केवळ परदेशी बनावटीच्या अणुभट्ट्यांचा आहे, कारण जड पाणी, म्हणजे ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो असे पाणी, वापरणाऱ्या आपल्या अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, तेव्हा त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नाही. अशा अणुभट्ट्या उभारायला मदत करणारा कॅनडा १९७४ च्या चाचणीनंतर राजस्थानातून निघून गेला, तरी रावतभाट्याची दुसरी अणुभट्टी आपण १९८१ मध्ये चालू केली. जड पाणीही आपलेच आहे. त्यातले काही इथून जवळ, रायगडमधल्या थळ येथे तयार होते. हा अभिमान खरा आहे. परंतु २००८-०९ मध्ये देशातल्या अणुभट्ट्या त्यांच्या निम्म्या क्षमतेच्या आसपास चालत होत्या आणि त्याचे मुख्य कारण यंत्रांतले बिघाड नव्हते. युरेनियम पुरत नव्हते. अणुभट्ट्या वाढल्या, मात्र खाणी त्या वेगाने वाढल्या नाहीत. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सवलत दिली, रशिया, फ्रान्स आणि कझाकस्तानकडून युरेनियम येऊ लागले आणि पुढच्या काही वर्षांत त्याच अणुभट्ट्यांनी उत्तम उत्पादन दिले. कैगाची पहिली अणुभट्टी २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस चालण्याचा विक्रम करून गेली, ती याच देशी बनावटीची होती.

खाणींविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. झारखंडमधल्या जादूगोडा येथे एक टन दगड फोडला की अर्धा किलोच्या आसपास युरेनियम ऑक्साइड मिळते. कॅनडातल्या काही खाणींत त्याच एका टनातून शंभर किलोहून अधिक मिळते. त्यामुळे आपले युरेनियम महाग पडते आणि त्यासाठी दगडांचा चुराही फार मोठा निघतो. हा चुरा ज्या तळ्यांत साठवला जातो, त्यांच्या शेजारी आदिवासी गावे आहेत. मेघालयात खासी समाजाने खाणकामाला दीर्घकाळ विरोध केला, तो अडाणीपणाने केलेला नाही. देशी इंधन हवे असेल, तर त्या गावांच्या आरोग्याची स्वतंत्र तपासणी, पाणी आणि मोबदला हा इंधनाच्या किमतीचाच भाग मानला पाहिजे. अणुऊर्जेचा समर्थक म्हणून मी हे बोलतो आहे.

आता अमेरिकेकडे पाहू, कारण इंधनाचे धोरण चुकले की काय होते, हे तिथे स्पष्ट दिसते. १९९३ ते २०१३ या काळात रशियाच्या अण्वस्त्रांतले ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम सौम्य करून अमेरिकी वीजकेंद्रांना विकले गेले. जगाच्या सुरक्षेच्या दृष्टीने हा करार फार मोलाचा होता. मात्र त्या काळात अमेरिकेची स्वतःची समृद्धीकरणाची क्षमता खंगत गेली आणि केंटकीमधला पडुका येथील जुना प्रकल्प २०१३ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा जगात सर्वाधिक अणुवीज निर्माण करणाऱ्या या देशाला रशियाच्या युरेनियमवाचून लगेच भागवता येईना. मे २०२४ मध्ये तिथे रशियन समृद्ध युरेनियमच्या आयातीवर बंदीचा कायदा झाला, परंतु त्यात २०२७ अखेरपर्यंत सवलत ठेवावी लागली आणि देशी कंपन्यांची क्षमता पुन्हा उभी करण्यासाठी सुमारे २७० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. जी क्षमता स्वस्त आयातीच्या काळात थोडक्या खर्चात टिकवता आली असती, ती आता संकटाच्या भावाने उभारावी लागत आहे.

हीच गोष्ट मी आपल्या वागळे इस्टेटमध्ये घडताना पाहिली आहे आणि तिच्याबद्दल बोलताना माझा आवाज थोडा चढतो, तो आपण समजून घ्यावा. मी नोकरीत असताना माझे काम गुणवत्ता तपासणीचे होते. तिथल्या एका गाळ्यात अणुकेंद्रासाठी लागणारे स्टेनलेस स्टीलचे लहान भाग तयार होत असत. मालक मराठी, शिकून धंद्यात आलेला, आणि कामाबाबत इतका काटेकोर की तपासनिसाने नाकारण्याआधी तोच आपला माल नाकारत असे. अणुकामाच्या वेल्डिंगचे एक वैशिष्ट्य आहे. वेल्डरची पात्रता त्या पद्धतीपुरती ठरवलेली असते आणि सहा महिने त्या पद्धतीने काम केले नाही, तर ती संपते. पुन्हा चाचणी, पुन्हा एक्स-रे, पुन्हा कागदपत्रे. एक ऑर्डर पूर्ण झाली आणि पुढची येईना. प्रकल्पाला मंजुरी होती, पण जमीन मिळत नव्हती. जमीन मिळाली, तर निविदा निघत नव्हती. झालेल्या कामाचे शेवटचे पेमेंटही खरेदीदाराकडे अडकून राहिले. मालकाने वेल्डरना काही काळ बसवून पगार दिला. मग एक जण आखातात गेला, दुसरा गॅसवाहिनीच्या कंत्राटावर गेला आणि तिसऱ्याने कळव्यात ग्रिलचे दुकान काढले. ज्याच्या हाताचा टाका क्ष-किरणाखाली निर्दोष दिसत असे, तो माणूस खिडक्यांच्या जाळ्या जोडू लागला. कष्टाचे प्रत्येक काम आदराचेच आहे, परंतु देशाने घडवलेले कौशल्य देशाने असे सांडू द्यावे, याचे दुःख मला आजही आहे. नवी ऑर्डर निघाली, तोवर त्या गाळ्याच्या जागी काचेची कार्यालये उभी राहिली होती. पवईच्या किंवा वालचंदनगरच्या मोठ्या कारखान्यांना मधला कोरडा काळ इतर कामांवर काढता येतो. गाळ्याला ते जमत नाही, आणि मोठ्या कारखान्याचे कामही शेवटी अशाच गाळ्यांतून येणाऱ्या भागांवर उभे असते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि फलकावरचा विषय आता कुठे समोर आला आहे, तेव्हा मुद्दे भराभर मांडतो.

पहिला मुद्दा ऑर्डरींच्या सातत्याचा. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने ७०० मेगावॉटच्या दहा देशी अणुभट्ट्यांना एकत्र मंजुरी दिली आणि त्यातून देशी उद्योगाला सुमारे ७०,००० कोटींची कामे मिळतील, असे सांगितले. निर्णय उत्तम होता. याच बनावटीच्या, गुजरातमधल्या काक्रापारच्या दोन अणुभट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये चालू झाल्याने या आराखड्याची कसोटीही लागली आहे. आता कोणत्या वर्षी किती स्टीम जनरेटर, किती झडपा आणि किती पंप मागवले जातील, याचे दहा वर्षांचे वेळापत्रक सरकारने प्रसिद्ध करावे आणि लहान पुरवठादारांची देणी ठरलेल्या मुदतीत न दिल्यास व्याज आपोआप लागू व्हावे.

दुसरा मुद्दा इंधनाच्या जबाबदारीचा. नव्या कायद्यातही युरेनियमचे समृद्धीकरण, वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया आणि जड पाण्याचे उत्पादन सरकारकडेच राहिले आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र किल्ली सरकारकडे असेल, तर पुरवठ्याची हमीही सरकारने लेखी द्यायला हवी. ७०० मेगावॉटच्या एका अणुभट्टीला वर्षाला शंभर टनांच्या आसपास नैसर्गिक युरेनियम लागते. दहा अणुभट्ट्यांचा हिशेब आपण मनातच करा. शिवाय २०० मेगावॉटची जी देशी लहान अणुभट्टी आखली जात आहे, तिला किंचित समृद्ध केलेले युरेनियम लागणार आहे, म्हणजे तारापूरचा प्रश्न आपण नव्याने अंगावर घेत आहोत. नागरी वापरासाठी देशी समृद्धीकरणाची क्षमता त्या अणुभट्टीच्या आधी उभी राहिली पाहिजे.

तिसरा मुद्दा साठ्याचा. भारत-अमेरिका अणुकराराच्या मसुद्यात, भारताने आपल्या अणुभट्ट्यांच्या आयुष्यभरासाठी इंधनाचा साठा उभारण्याचा प्रयत्न केला, तर अमेरिका त्याला पाठिंबा देईल, असे स्पष्ट लिहिलेले आहे. ते कलम मिळवण्यासाठी आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी मोठे कष्ट घेतले. त्याचा पुरेपूर वापर करावा. कमीत कमी पाच वर्षांचा साठा असल्याशिवाय नव्या अणुभट्टीला परवाना देऊ नये, अशी माझी सूचना आहे.

नुकसानभरपाईविषयी फार बोलता येणार नाही. २०१० च्या कायद्यातल्या ज्या कलमामुळे अणुकेंद्र चालवणाऱ्या कंपनीला पुरवठादाराकडून भरपाई मागता येत होती, त्याची धास्ती परदेशी कंपन्यांइतकीच आपल्या पुरवठादारांनाही होती. ते निघाल्याने लहान कारखानदार सुटला, हे चांगले झाले. पण त्याचबरोबर अणुऊर्जा नियामक मंडळावरची जबाबदारी वाढली. नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आहे. आता त्याला तपासनीस, पैसा आणि मंत्रालयाला नाही म्हणण्याची मोकळीक द्यावी लागेल.

जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या प्रकल्पाविषयी बऱ्याच जणांनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. त्या फ्रेंच अणुभट्ट्यांना आयुष्यभर समृद्ध इंधन कोण पुरवणार, हा माझाही पहिला प्रश्न आहे. मच्छीमारांचे आणि जमिनीचे प्रश्न त्याहून वेगळे आहेत आणि त्यांना घाईत उत्तरे देणे योग्य नाही. अध्यक्षांची परवानगी असेल, तर आपण प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करू.