बेडूकमाशांचा टब आणि चहाची गाळणी

नमस्कार, श्रोतेहो. जूनचा पहिला दणकून पाऊस झाला की आमच्या सांगलीत गुंठेवारीतल्या रिकाम्या प्लॉटवर पाणी साठतं आणि रात्रभर बेडूक ओरडतात. सकाळी त्या डबक्यात जरा वाकून बघा. काळी पोत पाण्यात पडावी तशी लांबच लांब माळ गवतात अडकलेली दिसेल. ती खरखरीत पाठीच्या भेकाची अंडी. दोन-चार दिवसांत त्यातून काळे बेडूकमासे निघतात. ते घरी कसे वाढवायचे, ते आज सांगतो.

आणायचे ते दहा-पंधराच. आटत चाललेल्या डबक्यातले आणा. कासच्या पठारावरून किंवा कोयनेच्या कातळावरच्या पाण्यातून मात्र एकही उचलू नका. कोयनेच्या परिसरातल्या एका छोट्या भेकाची शास्त्रीय नोंद १९६३ साली झाली, त्याचं नावच कोयनेवरून पडलंय, आणि तो फारच थोड्या मुलखात सापडतो. तसंच तो मोठा, विणीच्या दिवसांत पिवळाजर्द होणारा, गळ्याला निळे फुगे येणारा बेडूक. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय त्याची पोरं एकमेकांनाच खातात, म्हणजे टबात शेवटी एकच उरायचा! या बेडकांच्या तंगड्या आपण १९८७ पर्यंत परदेशी पाठवत होतो. तंगड्या त्यांच्या ताटात आणि डास आपल्या घरात, असला धंदा. असो.

टब पसरट घ्या, सावलीत ठेवा. पागोळीचं पाणी उत्तम. नळाचं असेल तर त्यात क्लोरीन असतं, म्हणून बादलीत एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. खायला उकडलेला पालक, नखाएवढा. उरलेला संध्याकाळी काढून टाका. पाण्याला वास आला तर निम्मं पाणी बदला. झालं.

आता ती गोष्ट. घरचे म्हणतात, ही गोष्ट तुम्ही दाढी करताना न्हाव्यालासुद्धा सांगता. सांगतो, खरंच.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांचा नातू तेव्हा चौथीत. त्याने कपडे धुवायच्या दगडामागे बेडूकमाशांचा टब ठेवलेला. डेंग्यूचे दिवस. आशाताई घरोघर पाणी तपासत आल्या. कुंड्यांखालच्या ताटल्या बघितल्या, फ्रीजमागचा ट्रे ओढायला लावला आणि तिथून थेट टबापाशी. हातात औषधाची बाटली.

"काकू, हे ओतून टाका. आठवड्यातनं एक दिवस सगळं कोरडं, सांगितलंय ना?"

काकू पदर खोचून मध्ये उभ्या. "अगं बाई, बेडकाची पोरं हायत ती. डासाच्या अळ्या खात्यात. तुझंच काम करत्यात, आणि तू त्यांच्यावरच औषध वततीस व्हय?"

आशाताई काही बोलल्या नाहीत. खाली बसल्या, मोबाईलची बॅटरी लावली आणि टबात उजेड टाकला. आम्ही सगळे वाकलो. बेडूकमासे निवांत कडेचं शेवाळ खरवडत होते आणि त्यांच्या नाकासमोरून अळ्या वळवळत चालल्या होत्या. काही पाण्याच्या वरच्या थराला शेपटीने टेकून, डोकं खाली करून लोंबकळत होत्या. एकही बेडूकमासा त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हता!

काकूंचा चेहरा उतरला. नातवाने टबाला मिठी मारली आणि भोकाड पसरलं. आशाताईंनी बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "चहाची गाळणी आणा."

मग ती बाई अर्धा तास उकिडवी बसून गाळणीने अळ्या काढत होती. निघाल्या की फरशीवर झटकायची, पुन्हा गाळणी टबात. नातू मोजत होता, मध्येच चुकत होता आणि पुन्हा एकपासून सुरू करत होता. काकूंनी जुनं व्हॉइलचं पातळ फाडून आणलं, ते टबावर ताणलं आणि परकराच्या नाडीने गच्च बांधलं. जाताना आशाताईंनी वहीत लिहिलं ते मी डोकावून वाचलं: "टब एक. अळ्या नाहीत. बेडूक आहेत." पुढच्या आठवड्यात दारातूनच हाक, "काय रं, पाय फुटले का?" ती गाळणी मात्र काकूंनी परत स्वयंपाकघरात घेतली नाही.

तर कापड. टबावर कापड बांधाच. बेडूकमासे डास खातील या भरवशावर राहू नका. आपल्याकडचे बहुतेक बेडूकमासे शेवाळ आणि कुजका पाला खातात. किडे खातो तो मोठा झालेला बेडूक.

साधारण महिना-दीड महिन्यात, जातीप्रमाणे आणि उकाड्याप्रमाणे, बेडूकमाशाचा बेडूक होतो. आधी मागचे पाय दिसतात. ते सावकाश वाढतात. पुढचे मात्र एका दिवसात, कोपरापासून, कातडीतून बाहेर येतात. पुढचे पाय आले की खायला घालणं बंद. तोंडाची रचना बदलत असते, पोरगं शेपटीवरच जगतं. आणि आता ते हवेत श्वास घेतं, म्हणून टब तिरका करा, पाणी कमी करा आणि एक दगड ठेवा, पाण्याबाहेर आलेला. पुन्हा सांगतो, दगड ठेवा. बेडूक पाण्यात बुडतो म्हटलं की लोक हसतात. उभ्या कडांच्या टबात या दिवसांत तो खरोखर बुडतो.

शेपूट गेली की सोडून द्यायचं. जेमतेम एक सेंटिमीटरच्या जिवाला रोज पुरतील एवढी बारीक चिलटं तुम्ही घरात कुठून आणणार? जिथून आणला तिथेच, गवतात सोडा. दुसऱ्या गावच्या तळ्यात नको, रोग पसरतात. तोवर त्या प्लॉटवर मुरूम पडला असेल, तर त्याच भागातला ओढ्याचा काठ बघा. अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, की पाण्याने मुरायचं कुठे? पण तो विषय वेगळा, त्याला वेगळी पंधरा मिनिटं लागतील.

सोडायला पावसाळी संध्याकाळ बघा, उन्हाची दुपार नको. भेकाच्या कातडीत विष असतं, तेव्हा नंतर हात साबणाने धुवा, आणि टब कोरडा करून उपडा घाला. नमस्कार.