फोटोची नोटीस आली, तर

श्रोतेहो, नमस्कार.

संस्थेची किंवा छोट्या व्यवसायाची वेबसाइट असते. तिच्या कुठल्यातरी जुन्या पानावर एक फोटो असतो. टेबलावरचा लॅपटॉप, उगवता सूर्य, हसणारी मुलं, असंच काहीतरी. तो कुणी टाकला, कुठून आणला, आता कुणाला आठवत नाही. आणि एक दिवस ईमेल येतो. वर फोटोंचे हक्क सांभाळणाऱ्या एजन्सीचं नाव, त्याखाली प्रकरण क्रमांक. तुमच्या पानाचा स्क्रीनशॉट, शेजारी मूळ फोटो, वापर आढळल्याची तारीख. मग ठळक अक्षरांत रक्कम, आणि शेवटी ओळ: अमुक दिवसांत पैसे भरा, नाहीतर प्रकरण वकिलांकडे सोपवलं जाईल.

असं पत्र आलं की काही जण घाबरून त्याच दिवशी पूर्ण रक्कम भरून टाकतात. काही जण ‘सगळी फसवणूक आहे’ म्हणून ईमेल उडवून देतात. मला दोन्हींची काळजी वाटते. पहिले बऱ्याचदा गरजेपेक्षा कितीतरी जास्त पैसे देऊन बसतात आणि दुसऱ्यांचं साधं प्रकरण पुढे कोर्टात गेलं, तर महागात पडतं. हे पत्र म्हणजे कोर्टाचा आदेश नाही आणि दंडाची पावतीही नाही. तो एक दावा आहे. दावा करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो, आणि ऐकणाऱ्याने तो नीट तपासायचा असतो.

आधी फोटोग्राफरची बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. फोटो काढला गेला त्या क्षणी त्यावर कॉपीराइट लागू होतो. कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराची १९०८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून हा हक्क मिळायला कसलीही औपचारिकता लागत नाही, आणि जगातले जवळपास सगळे देश आज या करारात आहेत. म्हणजे फोटोवर नाव नसलं, कोपऱ्यात खूण नसली, तरी तो कुणाचातरी असतो. ‘गुगलवर सापडला’ हे उत्तर होत नाही. ‘खाली फोटोग्राफरचं नाव दिलं होतं’ हेही पुरत नाही, कारण नाव देणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं. ‘वेबसाइट बनवणाऱ्याने टाकला’ हे खरं असेल, पण बहुतेक ठिकाणी वेबसाइटच्या मालकालाच आधी जबाब द्यावा लागतो. बनवणाऱ्याकडून भरपाई मागायची असेल, तर त्याच्याशी केलेला करार काढून बघावा लागतो. वेबसाइटचं तयार टेम्प्लेट, म्हणजे साचा, विकत घेतलेल्यांनी तर विशेष लक्ष द्यावं. नमुना म्हणून दिसणारे फोटो बरेचदा फक्त दाखवण्यापुरते असतात, टेम्प्लेटच्या किमतीत ते येत नाहीत.

हे फोटो सापडतात कसे? माणसं शोधत बसत नाहीत. फोटोवरून फोटो शोधणारं टिनआय २००८ मध्ये आलं. असंच काम करणारी पिकस्काउट ही कंपनी फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेसने २०११ मध्ये विकत घेतली. आता सॉफ्टवेअर रात्रंदिवस वेबसाइटी चाळतं. फोटो कापला, आरशासारखा उलटा केला, रंग बदलले, तरी जुळणी लागू शकते.

आता पत्र आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं. उत्तर लगेच लिहायचं नाही. ‘माफ करा, चुकून घेतला गेला’ अशी घाईतली ओळ ही लेखी कबुली ठरते. खोटंही काही लिहायचं नाही. आधी आपल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारखेसह जपून ठेवा, आणि मग फोटो पानावरून हटवा. इथे बरीच माणसं अर्धंच काम करतात. पानावरून फोटो गेला, तरी मूळ फाइल सर्व्हरवर तशीच राहते. वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेससारख्या प्रणाली एकाच फोटोच्या चार-पाच आकारांच्या प्रती आपोआप तयार करतात, त्या प्रत्येकीचा पत्ता वेगळा, आणि त्या पत्त्यावर फोटो उघडत राहतो. म्हणून मीडिया लायब्ररीतून फाइल हटवा, सगळे आकार गेले का ते थेट पत्ता टाकून बघा, कॅश, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या प्रतीही साफ करा. फोटो हटवल्याने आधीच्या वापराचा प्रश्न मिटत नाही, पण वापर तिथे थांबतो.

मग पत्रच खरं आहे का, ते बघा. ईमेलमधल्या लिंकवर जाऊ नका. कॉपीराइटची धमकी देऊन ‘पुरावा इथे डाउनलोड करा’ म्हणायचं आणि त्या फाइलमधून कॉम्प्युटरमध्ये घातक प्रोग्राम घुसवायचा, हा प्रकार सर्रास होतो. दुसरा प्रकार: पैसे मागतच नाहीत, आमच्या अमुक साइटची लिंक द्या म्हणजे विषय संपला, असं सांगतात. हा त्यांच्या साइटचा फुकट प्रचार करून घेण्याचा डाव. एजन्सीची अधिकृत वेबसाइट स्वतः शोधा, तिथे दिलेल्या संपर्कावर प्रकरण क्रमांक विचारा.

पत्र खरं निघालं, तर शांतपणे लिहून विचारा. फोटो कुणी काढला? तुम्ही मालक आहात की प्रतिनिधी, आणि प्रतिनिधी असाल तर त्याचा लेखी पुरावा काय? आमच्याकडे वापर केव्हापासून केव्हापर्यंत झाला असं तुमचं म्हणणं आहे? आणि ही रक्कम कशी काढली? हे विचारायला संकोच करू नका. पत्रं चुकतात. अमेरिकेतल्या फोटोग्राफर कॅरल हायस्मिथ यांनी आपले हजारो फोटो लोकांनी मोफत वापरावेत म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिले. त्यांच्याच संस्थेला, त्यांनीच काढलेल्या फोटोसाठी, १२० डॉलर मागणारं पत्र आलं. हे फोटो विकल्याबद्दल त्यांनी २०१६ मध्ये गेटी इमेजेसवर दावाही लावला, त्याचा मोठा भाग कोर्टाने फेटाळला. पण मागणीपत्र चुकीच्या दारात, चुकीच्या हक्काने येऊ शकतं, हे त्यातून जगाला दिसलं.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे निर्मात्याने सगळ्यांना वापरायचा परवाना आधीच देऊन ठेवलेले फोटो, हा जरा सविस्तर बोलण्याचा भाग आहे, कारण मोफत समजून घेतलेल्या फोटोंवरच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. हे परवाने मोफत असले तरी अटींसह असतात: निर्मात्याचं नाव, परवान्याचा उल्लेख, मूळ जागेची लिंक, बदल केला असेल तर तसं सांगणं. जुन्या आवृत्त्यांमध्ये एक अट मोडली की परवाना आपोआप संपतो. लिंक द्यायची राहिली, एवढ्यावरूनही पैसे मागितले जातात. काही लोक अशा चुका शोधून पत्रं पाठवण्यावरच धंदा चालवतात. मला ते अन्यायाचं वाटतं. उदारपणे दिलेल्या कामाचा तो सापळा करून टाकणं आहे. २०१३ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत म्हणूनच दिलासा आहे: उल्लंघन लक्षात आल्यापासून ३० दिवसांत चूक दुरुस्त केली, तर हक्क परत मिळतो. मधल्या वापराबद्दल दावा करता येतो, पण तुमची बाजू बरीच बळकट होते. तेव्हा आवृत्ती कुठली, ते आधी बघा.

आता रक्कम. पत्रातला आकडा हा त्यांचा प्रस्ताव असतो. तोच फोटो, तेवढ्याच आकारात, तेवढ्याच काळासाठी घ्यायला त्यांच्याच वेबसाइटवर किती लागतात ते बघा, त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि बोलणं तिथून सुरू करा. वापर झाला असेल तर वाजवी पैसे द्यावेत, असं मी स्पष्ट सांगतो. फोटोग्राफरचं पोट त्यावर आहे. पण भीती दाखवून मागितलेला जादा भाग देण्याचं बंधन नाही. अमेरिकन पत्रांत दीड लाख डॉलरचा आकडा बरेचदा असतो. ती जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाची कमाल मर्यादा आहे. एरवी कायद्याने ठरलेली भरपाई ७५० ते ३०,००० डॉलर, आणि तीही साधारणपणे तेव्हाच, जेव्हा फोटोची तिथल्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी उल्लंघनाआधी किंवा प्रकाशनानंतर तीन महिन्यांच्या आत झालेली असते. म्हणून अमेरिकेतून आलेल्या पत्राला नोंदणी क्रमांक विचारायलाच हवा. भारतीय कॉपीराइट कायद्यात कलम ६० आहे: निराधार धमक्या येत असतील, तर ज्याला धमकावलं तोच कोर्टात जाऊन त्या थांबवायला सांगू शकतो, नुकसानभरपाईही मागू शकतो.

पत्राऐवजी कोर्टाचं समन्स आलं, तर मात्र स्वतः पत्रव्यवहार करत बसू नका, त्याच आठवड्यात वकील गाठा. कॉपीराइटचे छोटे दावे कोर्टाबाहेर ऐकणाऱ्या, अमेरिकेतल्या कॉपीराइट क्लेम्स बोर्डाची रीतसर नोटीस हाती आली, तर त्यातून बाहेर पडायला ६० दिवस असतात. ते दिवस वाया गेले, तर बोर्डाचा निर्णय बंधनकारक ठरतो.

आणि तडजोड ठरली, तर पैसे देण्याआधी कागद हातात घ्या. त्यात त्या फोटोचा आतापर्यंतचा सगळा वापर मिटला, आणि एजन्सी व फोटोग्राफर दोघांचाही दावा संपला, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पुढे फोटो वापरायचा असेल तर त्याचा परवाना वेगळा मागा. मागचं मिटलं म्हणून पुढची परवानगी मिळत नाही. हा कागद, पैसे भरल्याची पावती आणि पहिलं पत्र एकत्र ठेवा. वेबसाइट सांभाळणारी व्यक्ती बदलली, तर ते सगळं तिच्या हवाली करा. एकच फोटो दोन एजन्सींकडे असू शकतो, आणि दुसरीचं पत्र पहिल्या प्रकरणानंतर वर्षभरानेही येऊ शकतं.

नमस्कार.