अडसर

[दृश्य: जुन्या वाड्याचं दार, आतल्या बाजूने. भिंतीतल्या खोबणीत अर्धवट सरकवलेलं जाड लाकूड.]

'अडसर' हा शब्द आपण आता फक्त अडथळा या अर्थाने वापरतो. कामात अडसर, लग्नात अडसर. पण जुन्या वाड्यात राहिलेल्या कुणालाही विचारा. अडसर म्हणजे दाराच्या आतून आडवं सरकवायचं जाडजूड लाकूड. कडी लावून झाली तरी रात्री घरातलं कुणीतरी मोठं माणूस उठायचं, अडसर सरकवायचं, आणि मग बाकीचे निर्धास्त झोपायचे.

आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, ते सगळे शिक्षक आहेत. त्यांच्या दारांना अडसर नव्हता. आतून लावायची कडीही नव्हती.

[दृश्य: करड्या दगडाची विद्यापीठाची इमारत. झाडांना नुकती पालवी, वारा जोराचा.]

16 एप्रिल 2007, सोमवार. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ब्लॅक्सबर्ग हे गाव आहे, तिथलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. एप्रिल अर्धा सरला होता, पण त्या सकाळी बोचरा वारा सुटला होता. नॉरिस हॉल या इमारतीत नऊ वाजून पाच मिनिटांचे तास सुरू झाले होते. खोली क्रमांक 204. अमेरिकन मोजणीने दुसरा मजला, आपल्या हिशेबाने पहिला. खिडकीतून उडी मारली तर हातपाय मोडतील पण जीव वाचेल, एवढी उंची. ही उंची लक्षात ठेवा.

फळ्यापाशी उभे होते प्राध्यापक लिव्हिऊ लिब्रेस्कू. वय 76. विषय सॉलिड मेकॅनिक्स. कुठल्या वस्तूवर किती भार पडला की ती वाकते, किती पडला की तुटते, याचं शास्त्र. विमानांच्या रचनेवर त्यांनी आयुष्यभर काम केलं होतं.

आयुष्यभर म्हणताना थोडं थांबायला हवं, कारण हे आयुष्य सरळ गेलेलं नाही. 1930 साली रुमानियातल्या प्लोएश्त शहरात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात, शाळकरी वयात, ते घरच्यांबरोबर आधी छळछावणीत आणि मग ज्यूंसाठी वेगळ्या काढलेल्या वस्तीत राहिले. त्यातून जगले. पुढे बुखारेस्टला इंजिनीअर झाले, संशोधक झाले. मग रुमानियातल्या कम्युनिस्ट राजवटीशी बिनसलं. पक्षनिष्ठा दाखवायला ते तयार नव्हते, त्यात इस्राएलला जायचं म्हणत होते. त्यांची वाट बंद झाली. परदेशात काही छापायला बंदी आली, तेव्हा आपल्या संशोधनाचं हस्तलिखित त्यांनी गुपचूप देशाबाहेर पाठवलं आणि ते नेदरलँड्समध्ये छापून आलं. शेवटी इस्राएलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांनी रुमानियाच्या अध्यक्षांकडे शब्द टाकला, तेव्हा कुठे 1978 साली हे कुटुंब बाहेर पडू शकलं. तेल अविवमध्ये काही वर्षं शिकवून लिब्रेस्कू 1985 साली एका वर्षासाठी म्हणून व्हर्जिनियात आले आणि तिथलेच झाले.

त्या सोमवारी ज्यू लोकांचा स्मरणदिवस होता. नाझींनी मारलेल्या साठ लाख माणसांचा.

[शांतता. फक्त वाऱ्याचा आवाज.]

त्या सकाळी एका विद्यार्थ्याने वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या होत्या. अडीच तासांनी तोच नॉरिस हॉलमध्ये आला. त्याचं नाव या निवेदनात येणार नाही. ते पुष्कळदा घेऊन झालं आहे. त्याने इमारतीच्या बाहेरच्या दारांना आतून साखळ्या घातल्या आणि तो वर चढला.

इथे आपल्याला दारांकडे बघायचं आहे. नॉरिस हॉलच्या वर्गांची दारं आतून लावता येत नव्हती. वर्गाला आतून कडी कशाला हवी, असं ती इमारत बांधताना कुणाला वाटलं असेल, तर त्यात नवल नाही. आपल्याकडच्याही कितीतरी शाळांत कडी-कोयंडा बाहेरच्या बाजूला असतो. शाळा सुटली की शिपाई कुलूप घालतो. दार बंद करायचं ते बाकांच्या आणि पंख्यांच्या राखणीसाठी. आत मुलं असताना दार कशाला लावायचं?

खोली 206. हायड्रॉलॉजीचा, म्हणजे पाण्याच्या शास्त्राचा वर्ग, शिकवत होते तमिळनाडूत वाढलेले प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन. पहिल्या गोळ्या तिथे झाडल्या गेल्या. त्यांना दारापर्यंत जायलाही वेळ मिळाला नाही.

खोली 211. फ्रेंचचा तास. झॉसलिन कुटुर-नोव्हाक यांनी आवाज ओळखला, मुलांना मागे व्हायला सांगितलं, दारापुढे बाक सरकवायला लावलं. बाक हलकं होतं. ते टिकलं नाही, त्याही वाचल्या नाहीत.

खोली 205. तिथल्या मुलांनी जड टेबल दाराला लावलं आणि जमिनीवर पडून पायांनी ते रेटून धरलं. बाहेरून धक्के बसले, दारातून गोळ्या आल्या. दार उघडलं नाही. त्या खोलीत कुणाला ओरखडाही आला नाही.

तिसऱ्या मजल्यावर प्राध्यापक केव्हिन ग्रनाटा होते. त्यांनी शेजारच्या वर्गातली वीसेक मुलं आपल्या छोट्याशा ऑफिसात कोंबली. का, तर त्या ऑफिसला कुलूप होतं. मुलं आत, कुलूप बंद. आणि ते स्वतः एका सहकाऱ्याबरोबर जिना उतरून खाली गेले, काय चाललंय ते बघायला. ग्रनाटा परतले नाहीत. ऑफिसातली सगळी मुलं वाचली.

[दृश्य: वर्गाचं रिकामं दार, बंद. दाराच्या मुठीवर कॅमेरा स्थिर.]

आणि खोली 204.

लिब्रेस्कू दाराकडे गेले. दार आत उघडणारं होतं, म्हणून त्यांनी अंगाचा सगळा भार दारावर टाकला आणि मुलांना ओरडून सांगितलं, खिडक्यांकडे जा. मुलांनी खिडक्यांच्या जाळ्या ढकलून पाडल्या आणि एकेक जण खाली उड्या मारू लागला. खाली गवत होतं, झुडपं होती. कुणाचा पाय मोडला, कुणाचं अंग सोललं. दहा जण बाहेर पडले. तेवढा वेळ ते दार धरलेलं होतं. गोळ्या दारातून आरपार आल्या.

एक मुलगी त्या वर्गातून बाहेर पडू शकली नाही. ती मुंबईहून शिकायला आली होती. इमारती कशा बांधायच्या, हेच शिकायला.

दहा-अकरा मिनिटांत त्या इमारतीत 25 विद्यार्थी आणि 5 प्राध्यापक गेले. वसतिगृहातले दोघे धरून 32.

लिब्रेस्कूंच्या पत्नीला काय घडलं ते कळलं विद्यार्थ्यांकडून. वाचलेल्या मुलांनी त्यांना ई-मेल पाठवल्या: सरांनी दार धरून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात इस्राएलमध्ये, रानाना या गावी त्यांना दफन केलं. ज्या रुमानियाने त्यांची वाट अडवली होती, तिने आपला मोठा नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर दिला.

मला या माणसाबद्दल अपार आदर वाटतो, आणि तरीही त्यांना नुसतं 'शूर' म्हणून पुढे जाताना माझा पाय अडखळतो. साध्या खिटीचं काम 76 वर्षांच्या माणसाला अंगावर घ्यावं लागलं. ती खिटी तिथे का नव्हती, हा प्रश्न त्यांच्या शौर्याच्या आड लपता कामा नये.

[दृश्य: प्राथमिक शाळेचा व्हरांडा. लहान मुलांच्या उंचीवर लावलेल्या खुंट्या, दप्तरं.]

पाच वर्षांनी, 14 डिसेंबर 2012. कनेक्टिकट राज्यातलं न्यूटाउन, सँडी हूक प्राथमिक शाळा. शाळेचं मुख्य दार नेहमीप्रमाणे बंद होतं, पण हल्लेखोर शेजारची काच फोडून आत आला. मुख्याध्यापिका डॉन हॉकस्प्रंग आणि शाळेच्या मानसशास्त्रज्ञ मेरी शर्लाक एका बैठकीत होत्या. आवाज ऐकून त्या आवाजाच्या दिशेने गेल्या. दोघी तिथेच गेल्या. अॅन मरी मर्फी या सहायक शिक्षिका सापडल्या तेव्हा एका लहानग्याला कवेत घेतलेल्या होत्या. वीस मुलं गेली, सहा-सात वर्षांची. सहा मोठी माणसं गेली.

या शाळेत वर्गाच्या दारांना कुलपं होती. पण ती लावायची बाहेरून, किल्लीने. म्हणजे मुलांना वाचवण्यासाठी बाईंनी व्हरांड्यात यायचं, जिथे बंदूक आहे तिथे.

पहिलीच्या एका वर्गाच्या बाई होत्या केटलिन रॉइग. त्यांनी पंधरा मुलांना वर्गाला लागून असलेल्या इवल्याशा स्वच्छतागृहात नेलं. एक मोठं माणूसही जेमतेम मावावं अशी ती जागा. कुणी कमोडवर चढलं, कुणी कुणाच्या मांडीवर. चाकांचं एक कपाट त्यांनी दारापुढे ओढून घेतलं आणि आतून दार लावलं. मुलं रडू लागली की त्या गालांवर हात ठेवून सांगायच्या, बाहेर वाईट माणसं आहेत, आपण चांगल्या माणसांची वाट बघतोय. त्यांना स्वतःला वाटत होतं की आता आपण मरणार. म्हणून त्यांनी मुलांना सांगितलं, माझं तुमच्यावर प्रेम आहे. या मुलांनी शेवटचं ऐकलेलं काही असेल तर ते हे असावं, असं त्यांच्या मनात होतं.

मग दारावर थाप पडली. पोलीस आहोत, दार उघडा.

त्यांनी उघडलं नाही. म्हणाल्या, बिल्ले दाराखालून आत सरकवा. बिल्ले आले. ते बघूनही त्यांची खात्री पटेना. खरे पोलीस असाल तर किल्ली मिळवाल, असं त्यांनी सांगितलं. किल्ल्यांवर किल्ल्या लावून बघितल्या गेल्या, एक लागली, दार बाहेरून उघडलं. पंधराच्या पंधरा मुलं बाहेर आली.

[दृश्य: दाराखालची फट. फटीतून येणारा उजेड.]

कुणी कितीही वर्षं शिकवलेलं असो, दाराखालून आलेला पोलिसाचा बिल्ला हातात धरून विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला बी.एड.ला कुणी शिकवत नाही.

सँडी हूकनंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल 2015 साली आला. जाडजूड अहवाल, पण त्यातलं एक वाक्य सगळ्यांनी पाठ करावं असं आहे. आयोगापुढे आलेल्या साक्षीपुराव्यांत, कुलूप लावलेलं वर्गाचं दार फोडून हल्लेखोर आत शिरल्याचं एकही उदाहरण नव्हतं. आयोगाच्या पहिल्या काही शिफारशींपैकी एक हीच: प्रत्येक वर्गाचं दार आतून लावता आलं पाहिजे.

तरी 24 मे 2022 उजाडला. टेक्सस राज्यातलं युवाल्डी, रॉब प्राथमिक शाळा. चौथीचे दोन वर्ग, मध्ये एक जोडदार. त्यातल्या 111 क्रमांकाच्या खोलीचं दार नीट लागत नाही, हे शाळेत माहीत होतं. शाळेत किल्ल्यांचा तुटवडा होता, दारं दगड लावून उघडी ठेवायची सवय होती. हल्लेखोर आत गेला. पोलीस आले, मग आणखी आले, शेकड्यांनी आले, आणि एक तासाहून अधिक वेळ बाहेर थांबले. किल्ली शोधत होते. पुढे राज्याच्या विधिमंडळाच्या समितीने लिहिलं की ते दार बहुधा लागलेलंच नव्हतं. 19 मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, एव्हा मिरेलेस आणि इर्मा गार्सिया.

[दृश्य: न्यू जर्सीतलं एक स्वयंपाकघर. टेबलावर डबा, शेजारी दप्तर.]

आज न्यू जर्सीतल्या प्रत्येक शाळेत कायद्याने महिन्याला एक आगीची आणि एक हल्ल्यासारख्या संकटाची तालीम होते. तिथल्या एडिसन गावातल्या मराठी घरात संध्याकाळी पोहे खाता खाता पोर सांगतं: आज लाईट बंद केले, बाईंनी दार लावलं, आम्ही कोपऱ्यात गप्प बसलो, मला शिंक येत होती पण मी दाबली. आई विचारते, मग? पोर म्हणतं, मग गणिताचा तास झाला. आईच्या हातातला झारा तिथेच थांबतो.

बाईंनी दार लावलं. त्या घरात एवढ्या तीन शब्दांवर रात्रीची झोप अवलंबून असते.

[दृश्य: पुन्हा नॉरिस हॉल, आतून. नव्याने केलेला व्हरांडा, काचेतून येणारं ऊन.]

नॉरिस हॉलच्या त्या मजल्यावर पुन्हा नेहमीचे वर्ग भरले नाहीत. भिंती काढल्या, जागा नव्याने बांधली, आणि तिथे शांतता आणि हिंसाप्रतिबंध यांवर काम करणारं केंद्र उभं राहिलं. त्याचे पहिले संचालक येर्झी नोव्हाक. ते याच विद्यापीठात फलोद्यानशास्त्राचे विभागप्रमुख होते, झाडारोपांत आयुष्य गेलेला माणूस. खोली 211 मध्ये दारापुढे बाक सरकवायला लावणाऱ्या झॉसलिन यांचे ते पती. विभाग सोडून ते इकडे आले, आणि ज्या मजल्यावर त्यांची बायको फ्रेंच शिकवायची, तिथेच त्यांनी आपलं टेबल मांडलं.