पाकिटातलं पाकीट

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या पर्यावरणीय मान्यतेची प्रक्रिया'. एवढं वाचूनही आपण आलात, म्हणजे श्रोते निवडक आहेत. प्रक्रियेकडे येणारच आहे. पण आधी एका पाकिटाबद्दल बोलू द्या. आपले नियम मान्यतेच्या दिवसापर्यंत डोळ्यांत तेल घालून जागतात आणि बियाणं शेतात पडलं की घोरायला लागतात. सोयरीक जुळवताना सात पिढ्या तपासायच्या आणि पोरगी नांदते कशी, हे मात्र कधी विचारायचं नाही, अशातली गत.

२६ मार्च २००२ रोजी जीईएसीनं, म्हणजे अशा पिकांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय समितीनं, बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना मान्यता दिली. बीटी म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेली, बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी. तीन वर्षांपुरती, अटी घालून. त्यातली कळीची अट अशी: बीटीच्या शेताभोवती बिगर बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, जे जास्त असेल ते. म्हणून ४५० ग्रॅम बीटी सरकीसोबत १२० ग्रॅम बिगर बीटीचं धाकटं पाकीट आलं. शेतकरी त्याला रेफ्युजी म्हणतात, काही जण फुकटचं बियाणं म्हणतात.

या १२० ग्रॅमांमागचं गणित फार सुंदर आहे. समजा, अळ्यांमध्ये हे विष पचवणारं जनुक हजारात एक या प्रमाणात आहे. आई आणि बाप दोघांकडूनही ते मिळालेली अळी दहा लाखांत एक. एकाकडूनच मिळालेली, हजारात साधारण दोन. आता विषाची मात्रा इतकी जबर हवी की एकेरी जनुकवाली अळीही मेलीच पाहिजे. उरला तो दहा लाखांतला एखादा पतंग. त्याला जोडीदार मिळावा तो रेफ्युजीच्या ओळींत वाढलेला, साधा, विषानं मरणारा. म्हणजे पिल्लं एकेरी जनुकाची, ती पुढच्या पिढीत बीटीवर मरतात. थोडक्यात, शेताच्या कडेला आपण मुद्दाम अळ्या पोसायच्या. ज्याचं शेतच दोन एकर, त्याला हे सांगायची जबाबदारी कोणावर होती? पाकिटामागच्या बारीक अक्षरांवर.

व्हायचं तेच झालं. धाकटी पाकिटं बांधावर गेली, नाहीतर नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरली गेली. ज्यांनी लावलं त्यांनी तिथेही फवारणी केली, कारण डोळ्यांदेखत बोंडं पोखरू कोण देईल? बियाण्याच्या उगवणीच्या तक्रारी होत्याच. शिवाय बिगर बीटी वाण पंधरा दिवस मागे-पुढे फुललं, तर दोन्हीकडचे पतंग एका वेळी निघतच नाहीत. ओळी दिसतात, उपयोग शून्य. पुढे कपाशीऐवजी तुरीचं बियाणं देण्याचीही मुभा मिळाली. अमेरिकन बोंडअळी तुरीवर मजेत जगते, त्यामुळे तिच्यापुरतं ते ठीक. पण गुलाबी बोंडअळीचं जगणं जवळजवळ कपाशीवरच. तिच्या दृष्टीनं तुरीची ओळ आणि तारेचं कुंपण सारखंच.

आता एक आडवाट घेतो, पण खरी गोम तिथेच आहे. जगात बहुतेक ठिकाणी कपाशीची सरळ वाणं लावतात. आपण संकरित लावतो. १९७० साली सुरतच्या केंद्रातून संकर-४ आलं, तेव्हापासूनची ही वाट. बीटी संकरात जनुक बहुधा एका पालकाकडूनच येतं. झाडाच्या पानात विष आहे, बोंडाच्या सालीत आहे. पण बोंडातली सरकी म्हणजे पुढची पिढी! तिथे वाटणी होते. एका जनुकाच्या वाणात चारातली एक सरकी बिनविषारी. दोन जनुकांच्या बीजी-२ मध्ये सोळांपैकी नऊ सरक्यांत दोन्ही विषं, सहांत एकच, आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि सरकीच खाते. एका बोंडाच्या आत तिला पूर्ण मात्रा, अर्धी मात्रा आणि बिनविषारी घास, असं सगळं ताट वाढलेलं मिळतं. जी एकेरी जनुकवाली अळी मरायलाच हवी होती, तिला तगण्याची सवड मिळते. बाहेरच्या ओळींचं गणित आतल्या बोंडानं बिघडवलं.

त्यात आपला हंगाम लांबलेला. बोंड लागून झाडाचं वय वाढलं की पहिल्या विषाची मात्रा उतरते, आणि आपण फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुढचं पीक, घेत फेब्रुवारी गाठतो. पतंगांना डिसेंबरातही कोवळी बोंडं मिळतात. २००६ मध्ये बीजी-२ आलं. २०१० पर्यंत गुजरातमध्ये गुलाबी अळी पहिल्या विषाला दाद देत नाही, हे जाहीर झालं. त्यानंतर चार-पाच वर्षांत दोन्ही विषं तिला पचली. २०१७ चा हंगाम महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. डोमकळ्या, म्हणजे अळी आत शिरल्यानं न उमललेली फुलं, दिसायला लागल्या तेव्हा उशीर झाला होता. आज मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे एकरी दोन लावायचे, तीन रात्री सलग आठ-आठ पतंग सापडले की फवारायचं. म्हणजे २००२ पूर्वीच्या वहीचं पान पुन्हा उघडलं.

हे अटळ होतं का? नाही. हीच अळी अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून नाहीशी झाल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. तिथे ॲरिझोनात दहा वर्षं रेफ्युजी पाळली, २००६ पासून रेफ्युजीच्या जागी विमानातून नपुंसक केलेले पतंग सोडले. चीनमध्ये तर काही भागांत शेतकऱ्यांनी संकराची दुसरी पिढी पेरली, आपोआप पाव झाडं बिगर बीटी निघाली आणि प्रतिकार मागे हटला. आपल्याकडे आता ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ५ ते १० टक्के बिगर बीटी मिसळूनच येतं. उशिरा सुचलेलं, पण निदान बांधावर फेकता येत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'विषय!' इतकंच लिहिलंय. बरं.

१९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ५ डिसेंबर १९८९ चे नियम आहेत. आधी संस्थेतली जैवसुरक्षा समिती, मग जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम ही छाननी समिती, मग बंदिस्त चाचण्या. कपाशीला भोवती ५० मीटर अंतर, काढणीनंतर शेतावर लक्ष, चाचणीसाठी राज्याचं ना-हरकत पत्र. शेवटी जीईएसी. याच नियमांत मुख्य सचिवांची राज्य समिती आणि जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हा समितीही आहे. शेतात काय चाललंय ते पाहणं त्यांचं काम. आपल्या जिल्ह्यात तिची बैठक झाल्याचं कोणी ऐकलंय? हात वर करा. ...लिहून घ्या, एकही नाही.

मान्यतेचं फाटकही तसं पक्कं नव्हतंच. मान्यतेच्या पाच महिने आधी, ऑक्टोबर २००१ मध्ये, गुजरातेत हजारो एकरांवर विनापरवाना बीटी सापडली. बोंडअळीनं आसपासचं खाल्लं आणि तीच उभी राहिली म्हणून दिसली. जाळून टाकायचे आदेश निघाले तोवर कापूस वेचून झाला होता. आजची तणनाशक सहन करणारी चोरटी कपाशी त्याच वाटेनं येते. ती ओळखायला पानाची चिमूट बफर नावाच्या द्रावणात चुरगाळून पट्टी बुडवायची, दहा मिनिटांत रेघ उमटते. तपासणं सोपं आहे, तपासणारा हवा.

माझ्या मागण्या मोजक्या. मान्यता मुदतीची असावी आणि नूतनीकरण प्रतिकाराची आकडेवारी पाहूनच व्हावं. २००९ पासून एकदा जनुक मान्य झालं की वाणांना सोपी वाट मिळाली, हजारावर संकर आले, आणि मूळ तीन वर्षांच्या मुदतीचा अर्थच गेला. दरवर्षी शेतातल्या अळ्या ठराविक मात्रेच्या विषावर वाढवून किती जगल्या ते जिल्हावार प्रसिद्ध करावं. रेफ्युजीची जबाबदारी बियाणं विकणाऱ्यावर टाकावी. जनुक-संपादित वाणांपैकी परकं जनुक नसलेल्यांना २०२२ मध्ये या नियमांतून सूट मिळाली. ती मला फाटकापाशी मान्य आहे, पण कोणतं बियाणं कुठे गेलं याची नोंद तरी राहू द्या, नाहीतर पुढे शोधायचं काय?

जनुकीय बदल केलेल्या मोहरीचं विचारणारच आहात. २०२२ मध्ये मान्यता, जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचं दुमत. बाकीचं प्रश्नोत्तरांत घेऊ, अध्यक्ष आता उभे राहिलेत.